चेल्लमच्या रक्ताची करामत

"जंतू कुठलाही पाठवा, त्याचं कूळ-गोत्र मी सांगते!" डॉ. कांतिमतींनी भर बैठकीत जाहीर करून टाकलं.

आणि खरंच, त्या बाबतीत बाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं! तिरुनेलवेलीच्या त्या इस्पितळातली प्रयोगशाळा म्हणजे वधूवर-सूचक मंडळच. जंतू जांभळा की गुलाबी, गोल की लांबट, एकटा राहतो की गोतावळ्यात, कुठली साखर त्याला पचते... एवढं कळलं की बाईंनी पत्रिका मांडलीच! पूजा झाल्याशिवाय कॉफीचा घोट न घेणाऱ्या बाई पू आणि थुंकीही तितक्याच भक्तिभावानं हाताळत.

पण गेल्या वर्षी नाक कापलं गेलं होतं. मोठ्या प्रयोगशाळेकडून दरसाल एक बंद कुपी येई आणि आतल्या जंतूचं नाव ओळखावं लागे. घसा धरणाऱ्या जंतूंची भावकी मोठी चकवणारी. रक्त घातलेल्या बशीत वाढवलं की कुणी भोवतालचं रक्त फस्त करून स्वच्छ कडं पाडतो, कुणी हिरवट डाग, तर कुणी ढिम्म! पण हा निवाडा करावा मेंढीच्याच रक्तावर. बाईंनी रक्तपेढीतलं उरलंसुरलं माणसाचं रक्त वापरलं आणि तोंडघशी पडल्या. "यंदा चुकलात तर प्रयोगशाळेला टाळं!" अधीक्षक शंकरलिंगम यांनी बजावलं.

म्हणून चेल्लम आली. मेंढी कसली, राजकन्याच ती! मागच्या अंगणात कडुनिंबाखाली बसून रवंथ करायची आणि रक्त देताना मान अशी पुढे करायची, जणू मोत्यांचा हार घालून घेतेय.

नेमकी कुपी आली त्याच दिवशी चेल्लम लंगडू लागली. खुरात काटा, पाय सुजलेला! बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी स्वतः गुरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्या डॉक्टरांनी चांगलं दणदणीत इंजेक्शन टोचलं. "उद्या हरणासारखी पळेल बघा, अम्मा!"

दुसऱ्या सकाळी बाईंनी चेल्लमची क्षमा मागून थोडंसं रक्त काढलं आणि बश्या ओतल्या. एकीवर कुपीतला जंतू पेरला. काही बश्या शस्त्रक्रियागृहात उघड्या ठेवल्या, हवेतले जंतू टिपायला.

त्यानंतरच्या सकाळी बघतात तर बश्या कुंकवासारख्या लाल, आणि सगळ्या कोऱ्या! कुपीतला जंतूसुद्धा बेपत्ता!

तेवढ्यात, पहाटेच कोऱ्या बश्या पाहून गेलेले अधीक्षक धावतच आले. "अम्मा! शस्त्रक्रियागृहात एक जंतू नाही! मी कलेक्टरसाहेबांना बोलावलंय. हार सांगितला, हलवा सांगितला!"

"सार, जरा थांबा. परवाच तिथे मांजर व्यायली होती."

"मग मांजरसुद्धा स्वच्छ निघाली म्हणायची! किती तो तुमचा विनय!"

अधीक्षक गेले ते मांडववाल्याला फोन करायला. बाई तशाच दाराकडे धावल्या. त्यांनी पहारेकऱ्याला हाक मारली, "इसक्कीमुत्तू अण्णाच्ची, चप्पल काढा!"

"अम्मा! माझं काय चुकलं?"

"मारायला नको हो! पेरायला हवीय!"

बाईंनी चपलेचा तळ एका लाल बशीवर दाबला आणि एका बिनरक्ताच्या बशीवर. दुसऱ्या दिवशी बिनरक्ताच्या बशीत जंगल माजलं होतं! लाल बशी मात्र सोवळी ती सोवळी.

"अण्णाच्ची, या लाल बशीचं ऐकायचं तर तुम्ही सिद्धपुरुष आहात."

इसक्कीमुत्तूनं नम्रपणे हात जोडले. "अम्मा, मी फक्त शुक्रवारचं मटण सोडलंय. बाकी काही नाही."

इतक्यात अंगणात 'बें' झालं. चेल्लम उड्या मारत होती, अगदी हरणासारखी! बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. इंजेक्शन! जंतू मारणारं औषध चेल्लमच्या रक्तात, रक्त बशीत! मग जंतू उगवणार कुठून?

"अण्णाच्ची, स्कूटर काढा! दुसरी मेंढी!"

गावाबाहेरच्या कळपातली मेंढी मिळाली. नव्या बश्या ओतल्या, कुपीत शिल्लक होतं ते पेरलं. बाईंनी देवीला नारळ कबूल केला. कलेक्टर यायच्या दिवशी पहाटे झाकण उघडलं, तर प्रत्येक ठिपक्याभोवती काचेसारखं लख्ख कडं! सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर जपमाळेसारखे ओवलेले जांभळे मणी! घसा धरणारा स्ट्रेप्टोकॉकस, आणि तोही खानदानी! बाईंनी उत्तर धाडलं आणि मगच मांडवात गेल्या.

अधीक्षक छाती फुगवून बसले होते. कलेक्टरांनी हार उचलला. "डॉक्टर अम्मा, हे सगळं निर्जंतुक केलंत तरी कसं?"

गप्प बसल्या असत्या, तर हार गळ्यात पडला असता. पण बाई हळूच म्हणाल्या, "सार, इस्पितळात जंतू भरपूर आहेत. निर्जंतुक झाली ती आमची मेंढी. आणि ते इंजेक्शन मीच देववलं होतं."

अधीक्षकांची फुगवलेली छाती खाली बसली. मग कलेक्टर पोट धरून हसले, उठले आणि तो हार चेल्लमच्या गळ्यात घालून आले. तिनं तो तिथल्या तिथे खाऊन टाकला.

पुढे निकाल आला. नाव अचूक! टाळं टळलं. अधीक्षकांनी शस्त्रक्रियागृह घासून घेतलं आणि मांजरीला पिल्लांसकट हलवलं.

इसक्कीमुत्तू मात्र अजूनही चपला दाराबाहेर काढत नाही. म्हणतो, "तपासलेल्या आहेत!"