गुणगुणणारी नळी

समितीला बिअर गार लागते, म्हणून तेफे गावाजवळ नदीवर तरंगणाऱ्या प्रयोगशाळेत पहाटेपासून जनरेटर धडधडत होता. डॉक्टर झोराइदे सकाळीच थकली होती. केंद्र चालू ठेवायचं की टाळं ठोकायचं ते जेवणाआधी ठरणार होतं, आणि ठरवणार कोण, तर ज्यांनी मासा फक्त ताटातच पाहिलाय असले लोक.

दाखवायला एकच इतुई नावाचा वीज सोडणारा मासा होता, टाकीतल्या नळीत दिवसभर दडून बसणारा. पाण्यात दोन तारा सोडल्या की बॅटरीवरच्या कर्ण्यातून त्याची गुणगुण येई. सकाळी तारा सोडल्या, गुणगुण आली, झोराइदे निश्चिंत झाली.

"याच्या शेपटीत बारीक पेशींच्या रांगा असतात," तिनं समितीला सांगितलं. "मूळच्या स्नायूच्याच, पण आता आखडत नाहीत. मेंदूतून ठोका पडला की सगळ्या एकदम चिमूटभर वीज सोडतात. टॉर्चमधल्या सेलसारखी बेरीज होते. दिवा पेटत नाही, पण गढूळ पाण्यात वाट कळते. जन्मभर क्षणाची सुट्टी नाही."

"असा एकसुद्धा आमच्या खात्यात नाही!" अध्यक्ष एउरिपेदेस घाम पुसत म्हणाले. "पण बाई, ते धूड बंद करा हो. मासा नीट ऐकू द्या."

नावाडी वाल्दोमिरोनं जनरेटर बंद केला. कर्णाही मुका झाला.

झोराइदे टाकीकडे धावली. तिनं नळी उचलून डोळ्याला लावली. पलीकडून अध्यक्षांचं पोट दिसलं. म्हणजे सकाळपासून तारा पकडत होत्या ती जनरेटरची वीज.

"वाल्दोमिरो, मासा कुठाय?"

"तो होय? डॉक्टरीणबाई, साहेबांना जेवायला तुकुनारे मासा हवा, असं तुम्हीच म्हणालात ना? गळाला लावायला दुसरं काही नव्हतं. पण लागला कसला, हा एवढा!"

खोटं बोलायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं. "साहेब, तुम्ही ऐकलात तो जनरेटर. मासा तुमच्या जेवणाच्या पोटात गेला."

अध्यक्ष खो खो हसले. "वा! थांबत नाही म्हणालात आणि थांबवून दाखवलात! वर चेहरा असा सुतकी! आता परत गाऊ द्या बघू त्याला."

बिअर तापायला लागली म्हणून वाल्दोमिरोनं जनरेटर सुरू केला. कर्णा गुणगुणला. टाळ्या पडल्या.

तुकुनारे हाणून होडीत चढताना अध्यक्ष म्हणाले, "केंद्र चालणार! आणि हा चिमुकला जनरेटर नको, चौपट मोठा पाठवतो. दिवसरात्र चालवा!"

होडी दिसेनाशी झाल्यावर झोराइदेनं जनरेटर बंद केला आणि तारा थेट नदीत सोडल्या. कर्ण्यातून कितीतरी इतुई एकदम गुणगुणू लागले. कुणालाच सुट्टी नव्हती.

"यातला एक धरून टाकीत सोडू?" वाल्दोमिरोनं ओशाळून विचारलं.

"राहू दे रे," फळीवर आडवी होत ती म्हणाली. "नवा जनरेटर येईपर्यंत ऐकून घेऊ."