मिशी तेवढी नीट काढा

जावईबापू त्या रविवारी फोनमधले जुने फोटो पुसायला बसले, आणि तिथंच सगळं बिनसलं. पुसायचं राहिलं बाजूला, त्यांनी कोपऱ्यातलं एक नवंच बटण दाबून पाहिलं. दाबल्याबरोबर ऑफिसच्या सहलीतले हेडक्लार्क जुन्या तैलचित्रातल्या सरदारासारखे दिसायला लागले. त्यांच्यामागे उभी होती बस, तिचा किल्ला झाला. झालं! जावईबापूंच्या अंगात कला संचारली. (त्यांनी स्वतः हातानं काढलेलं शेवटचं चित्र शाळेतलं. काढला होता ससा, बाईंनी शेरा दिला होता, 'बटाटा चांगला जमलाय.')

तसे ते पाणीपट्टीच्या कचेरीतले कारकून. 'जावईबापू' हे सासरच्यांनी दिलेलं नाव. पण सासर पडलं दोन गल्ल्यांवर, त्यामुळे आख्खी वस्तीच त्यांना जावईबापू म्हणायची. कचेरीतला शिपाईसुद्धा.

त्या रविवारनंतर त्यांच्या तावडीतून कोणी सुटलं नाही. कॉम्प्युटरवर एक मोठा प्रोग्रॅम चढवला, भाच्याकडून शिकून घेतला, आणि दिसेल त्याच्या फोटोचं चित्र करून ते लोकांना दाखवत सुटले. लोक बघायचे. बघून काय म्हणायचे, ते मात्र ऐकण्यासारखं असायचं.

"हे तुम्ही काढलंत?" हेडक्लार्क म्हणाले.

"म्हणजे... फोटो मी काढला."

"आणि चित्र?"

"चित्र मशीननं केलं."

"मग तुम्ही काय केलंत?"

"मी पसंत केलं, साहेब."

वरच्या मजल्यावरच्या वहिनी तेवढ्या मनापासून खूश झाल्या. "अय्या, किती सडपातळ दिसतेय हो मी!"

"वहिनी, तो दिव्याचा खांब आहे. तुम्ही त्याच्या डावीकडे."

अशात आप्पांचा पंच्याहत्तरावा वाढदिवस आला. आप्पा म्हणजे सासरे. जन्मभर लोकांना मोटार चालवायला शिकवलेला माणूस. आवाज असा, की शेजारच्या गाडीनंही ब्रेक मारावा. आणि मिशी! ती नुसती मिशी नव्हती, ती पडवी होती. तिच्याखाली तोंड आहे हे आप्पा बोलले किंवा जेवले तरच कळायचं. ह्या आप्पांनी लग्न झाल्यापासून आजवर जावईबापूंना एकदाही बरं म्हटलं नव्हतं. वाईटही म्हटलं नव्हतं म्हणा. नुसते रोखून बघायचे आणि पेपर तोंडापुढे धरायचे. जावईबापूंनी काय नाही केलं? गुडघ्याचं तेल आणलं, रेडिओ दुरुस्त केला (तो नंतर कायमचा बंद पडला), पण छे! ह्या माणसाच्या मनात आपल्याबद्दल काय आहे, हे काही त्यांना कळेना. एकदा, फक्त एकदाच, आप्पांनी आपल्याकडे बघून 'वा!' म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

बायको म्हणाली, "मी दादाला सांगून बसलेय, भेट आमच्या घरातूनच येईल. आप्पांचं मोठ्ठं चित्र. आता सगळ्यांसमोर माझं नाक कापू नका म्हणजे झालं."

जावईबापू जिवाचं रान करून कामाला लागले. आप्पांचा खुर्चीतला एक झकास फोटो घेतला, त्याचं तैलचित्र केलं. कोट उतरला, नजर उतरली, खुर्चीसुद्धा सिंहासनासारखी झाली. मिशीनं तेवढा घोटाळा केला. मशीनला ती काय आहे हेच समजलं नसावं. तिचं एक टोक नाकात चाललं होतं आणि दुसरं वितळून कोटावर ओघळलं होतं. बायको दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर बसते. जावईबापूंनी चित्र तिला फोनवर पाठवलं. तिचं उत्तर आलं : 'बाकी झकास. मिशी तेवढी नीट काढा.'

आता बघा, जावईबापू त्याच दिवशी केस कापून आले होते. तिथं न्हाव्याला त्यांनी शब्दन् शब्द हेच सांगितलं होतं : 'कानावरचे केस तेवढे नीट काढा.' आणि न्हाव्यानं काही त्यांच्या कानावर केस रंगवले नव्हते. त्यामुळे काढा म्हणजे काय, ह्याबद्दल त्यांच्या मनात शंकाच नव्हती. पण आप्पांची मिशी! हात धजेना. त्यांनी बायकोला फोन लावला.

"अगं, मिशी पूर्ण काढू?"

"मग काय अर्धी काढणार? पूर्ण काढा."

"दोन्ही बाजूंची?"

"अहो, इथं रांग लागलीये! एका बाजूची मिशी बघितलीत का कुणाला?"

"आप्पांना आवडेल ना पण?"

"आप्पांचं पहिलं लक्ष तिथंच जाणार, म्हणून तर सांगतेय!" फोन बंद.

पुन्हा विचारायची सोय नव्हती. मागे एकदा ती 'जाळी काढा' म्हणाली, तर त्यांनी खिडकीची लोखंडी जाळी उचकटून काढली होती. कोळ्याची होती ती छताला तशीच राहिली. तेव्हापासून 'दहा वेळा विचारू नका, डोकं चालवा' असा घरात हुकूम होता. त्यांनी डोकं चालवलं.

मिशी काढली. खाली काहीच नव्हतं! म्हणजे ओठच नव्हता. फोटोत नाही तो मशीन कुठून आणणार? मशीननं स्वतःच्या मनानं एक ओठ बसवला, तर आप्पा विमानात स्वागत करणाऱ्या मुलीसारखे गोड हसायला लागले. शेवटी जावईबापूंना सुचलं : मुलीत बापाचं काहीतरी असणारच की! मग त्यांनी बायकोच्या फोटोतला वरचा ओठ उचलला. त्या ओठाचा त्यांचा अभ्यास दांडगा होता. (मुख्यतः तो हलत असताना.) रंग जुळवला, दोन सुरकुत्या घातल्या आणि ओठ आप्पांना लावला. चपखल बसला. मग बायकोला सरप्राइज द्यायचं म्हणून तिला न दाखवताच चित्र छापायला टाकलं.

वाढदिवसाला आप्पांच्या दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. मेहुणा होता, शेजारपाजारचे होते, आप्पांच्या हाताखाली शिकलेले दोन टॅक्सीवाले होते. चित्रावर चादर टाकलेली. जावईबापूंनी घसा खाकरला आणि चादर ओढली.

सगळ्यांनी माना पुढे केल्या.

"हे कोण?" शेजारचे शिंपीकाका म्हणाले.

"कुठंतरी पाहिलंय ह्यांना," एक टॅक्सीवाला म्हणाला. "वसुलीला यायचे का हे?"

"जावईबापू, दुकानातून दुसऱ्याचंच उचलून आणलंत वाटतं," मेहुणा म्हणाला.

बायको रागानं लालबुंद झाली. "अहो! मी तुम्हाला मिशी काढा म्हटलं होतं ना?"

"काढली की!"

"अहो, काढा म्हणजे काढा!"

"काढा म्हणालीस म्हणून तर काढली!"

"काढा म्हणजे चित्रात काढा!"

"मग चित्रातलीच काढली ना? खरी कुठं काढली?"

आप्पा उठले. खोलीत कुणाच्या जिवात जीव नव्हता. ते चित्रासमोर जाऊन उभे राहिले, बघत राहिले, आणि त्यांचा हात हळूच स्वतःच्या मिशीकडे गेला. जागेवर आहे ना, ह्याची खात्री केली असणार. जावईबापूंनी मनातल्या मनात सासरला शेवटचा रामराम ठोकला. नाक त्यांनी जपलं होतं, पण मिशी गेली होती, आणि मिशीबरोबर 'वा!' सुद्धा.

तेवढ्यात सासूबाई चहाचा ट्रे घेऊन आतून आल्या. चित्राकडे त्यांची नजर गेली आणि पाय जागीच थबकले. बायकोनं ट्रे धरला म्हणून, नाहीतर सगळे कप खाली होते.

"अगंबाई," त्या म्हणाल्या. "हे कुठं सापडले तुम्हाला?"

"आई, अगं चुकून झालंय. ह्यांना साधं—"

"गप्प बस गं जरा." त्या अगदी चित्राजवळ गेल्या. "हाच चेहरा बघून मी हो म्हटलं होतं. मग ह्यांनी मोटार शिकवायला घेतली. पोरगेले दिसायचे, लोक ऐकेनात, म्हणून मिशी ठेवली ती ठेवलीच. तेव्हाचा एक फोटो होता, घर बदलताना हरवला. पुढंपुढं तर मला तो चेहरा आठवेनासाच झाला हो. वाईट वाटायचं, पण म्हाताऱ्या नवऱ्याला काय सांगणार, तुमचं तोंड विसरले म्हणून?" त्यांनी डोळे पुसले आणि चक्क जावईबापूंचे दोन्ही हात हातात घेतले. "तुमचे उपकार कसे फेडू मी, जावईबापू?"

जावईबापूंना हुंदकाच आला. "आई, मला खरंच काही येत नाही हो. चूक झाली."

"मग अशाच चुका करत जा," सासूबाई म्हणाल्या.

बायको चित्रातल्या ओठाकडे आणि मग नवऱ्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. आपला ओठ तिनं ओळखला होता.

ह्या सगळ्यात आप्पा कुठं गेले, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. आतून नळाचा आवाज आला, थांबला, आणि दार उघडून आप्पा बाहेर आले. मिशी सफाचट! वरचा ओठ जन्मात ऊन न पाहिल्यासारखा गोरापान. आणि खाली थेट चित्रातलं तोंड! शिंपीकाका एकदा चित्राकडे आणि एकदा आप्पांकडे बघून म्हणाले, "आत्ता जमलं चित्र." सासूबाई तर नव्या नवरीसारख्या लाजल्या.

आप्पा तडक जावईबापूंकडे चालत आले. जावईबापूंनी खाली मान घातली. मग भीत भीत वर बघितलं, तर आप्पांचे ओठ कानापर्यंत गेलेले.

"आप्पा," जावईबापूंचा विश्वास बसेना. "तुम्ही हसताय?"

"हसतोय."

"म्हणजे माझ्यावर रागावला नाहीत?"

"रागावतोय कशाला? वा, जावईबापू, वा! मोठं काम केलंत." आप्पांनी त्यांना छातीशी धरलं. इतक्या वर्षांनी, आणि तेही सगळ्यांसमोर. जावईबापूंना वाटलं, आता आपलं काही मागणं उरलं नाही.

"मला आपलं वाटायचं, मी तुम्हाला आवडतच नाही," ते आप्पांच्या खांद्यावरून म्हणाले. "कधी हसला नाहीत माझ्याकडे बघून."

"हसलो नाही?" आप्पांनी त्यांना हातभर लांब धरलं आणि नीट न्याहाळलं. ओठ पुन्हा थरथरायला लागले. "अहो, तुम्ही पहिल्यांदा ह्या घरी आलात आणि निघताना कपाटाचं दार उघडून 'बराय, येतो' म्हणालात ना, त्या दिवसापासून मला तुमच्याकडे बघून हसू आवरत नाही! मिशी होती म्हणून निभावलं."

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, मग आधी सांगायचंत तरी! जावईबापू आले की ह्यांची मिशी थरथरते, म्हणून मी इतकी वर्षं आधी ह्यांना रक्तदाबाची गोळी देतेय!"