आप्पांचं तुर्की नॉटपेड

आप्पा साळुंख्यांच्या तोंडात स्वतःचा एकही दात नाही. कवळी आहे, पण ती जेवणापुरती. बाकी दिवसभर ती टीव्हीशेजारी वाटीतल्या पाण्यात पडून असते आणि आप्पा डोळ्याला भिंग लावून दुसऱ्यांचे दात मोजतात. दुसऱ्यांचे म्हणजे पोस्टाच्या तिकिटांचे. तिकिटाच्या कडेला जी करवतीसारखी नक्षी असते, तिला ते दात म्हणतात, आणि ते मोजायची पट्टी त्यांच्या खिशात कायम असते. सांगलीच्या विश्रामबागेत आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत, त्यामुळे हे वैभव मला फुकटात बघायला मिळतं.

आता तिकिटं गोळा करणारे पुष्कळ असतात. पण आप्पांना आपल्या देशाचं तिकीट नको. त्यांना लागतात तुर्कस्तानची, तीही सुलतानांच्या काळातली, आणि त्यातही फक्त नॉटपेडची. पाठवणाऱ्याने तिकीट लावलं नाही की पोस्ट घेणाऱ्याकडून दुप्पट पैसे वसूल करतं, तेच ते नॉटपेड. तिकडे या वसुलीची तिकिटं वेगळी असायची. चंद्रकोर-चांदणी तीच, रंग मात्र तपकिरी. तपकिरी रंग दिसला की आप्पांची मान डुलायला लागते. तुर्कस्तान नेमकं कुठे आलं, असं मी एकदा विचारलं, तर "मुंबईच्या वरच्या अंगाला" असं उत्तर मिळालं. शिरवळच्या पुढे जायचं म्हटलं तरी ज्यांना पिशवीत चटणी-भाकरी लागते, त्यांनी सुलतानाची वसुली अंगावर घेतली होती.

आप्पांची नोकरी इस्लामपूरकडच्या एका साखर कारखान्यात, वजनकाट्यावर झाली. ती भाषा काही सुटली नाही. तिकिटाची किंमत ते रुपयांत सांगत नाहीत, उसात सांगतात. "ह्ये म्हंजे ट्रॉलीभर ऊस बगा, सर. ह्ये बैलगाडीभर. आन् ह्याचा कोपरा गेलाय, पाचट वजा करा, मोळीभर ऱ्हाईल." उसाबरोबर आलेला पाला, म्हणजे पाचट, वजनातून कापायचं हा काट्यावरचा रिवाज. आप्पा तो माणसांनाही लावतात. आमच्या जावयाला पहिल्यांदा बघून त्यांनी भर अंगणात जाहीर केलं, "पोरगं बरं हाय, पण पाचट लय." जावई अजून त्यांच्या फाटकावरून जाताना पोट आत घेतो. आमच्या हिचं म्हणणं, माणूस तिरसट आहे पण काटा बरोबर आहे.

या थोर कार्यात त्यांचा एक भागीदार होता. इस्लामपूरचे घड्याळजी बशीरभाई. एका गिऱ्हाइकाने दुरुस्तीच्या पैशांऐवजी बिस्किटाचा जुना डबा त्यांच्या गळ्यात मारला, त्यात ही तुर्की तिकिटं निघाली. बशीरभाईंना उर्दूच्या जोरावर तिकिटावरची अक्षरं लावता यायची, आप्पांना दात मोजता यायचे. एकाला दुसऱ्याच्या खात्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, त्यामुळे दोघांचं उत्तम चाललं होतं.

मग डब्यातल्या सगळ्यात भारी तिकिटावरून बिनसलं. बशीरभाई म्हणाले अस्सल, अक्षर बघ. आप्पा म्हणाले नकली, दात मागनं कुणीतरी पाडल्यात. नातवंडं झालेली दोन माणसं बोटाच्या पेराएवढ्या कागदावरून भांडली. बशीरभाई साताऱ्याला मुलाकडे राहायला गेले, जाताना तिकीट घेऊन गेले आणि दोघांचं बोलणं बंद झालं.

बोलणं बंद, भांडण चालू. दोघांच्या खिशात मोबाइल आहेत, पण फोन केला की बोलावं लागतं. म्हणून बशीरभाई पाकीट पाठवायचे, मुद्दाम बिनतिकिटाचं. आत एकच ओळ, "तिकीट अस्सल आहे." आप्पा दुप्पट पैसे भरून ते सोडवून घेत आणि त्यांचंही बिनतिकिटाचं उत्तर जाई, "नकली आहे." पोस्टमन आला की फाटकात तमाशा ठरलेला. "म्या एक पैसा द्यायचा न्हाई. घिऊन जा माघारी." पोस्टमनने गाडी वळवली की मागून हाक, "आवं थांबा की, लय गडबड तुमाला."

मी एकदा म्हणालो, "आप्पा, एवढा ताप होतो तर घेऊच नका ना."

"तिकीट लावून कुनीबी धाडतंय, सर," आप्पा म्हणाले. "पैसं भरून सोडवून घ्यायला मानूस लागतो." हे मी त्यांच्या इतर शहाणपणाबरोबर सोडून दिलं.

गेल्या दिवाळीनंतर एक पाकीट आलं, त्यावर तिकीट होतं. पुरेसं आणि सरळ चिकटवलेलं. पोस्टमनचा जीव भांड्यात पडला. आप्पांनी पाकीट उलटसुलट केलं आणि त्यांचा चेहरा उतरला. फोडलंसुद्धा नाही.

"सर, गाडी काडा. सातारला जायाचंय."

"काय झालं?"

"बशीरचं कायतरी बिगाडलंय. तिकीट लावलंय त्येनं."

मी म्हणालो, कदाचित भांडण मिटवायचं असेल. "त्येच म्हंतोय मी," आप्पा म्हणाले आणि चपला घालून गाडीत जाऊन बसले. कवळी वाटीतच राहिली.

साताऱ्यात बशीरभाई खाटेवर पडून होते. उजवी बाजू गेली होती आणि शब्द जड येत होते. सून म्हणाली, "अब्बांनी सांगितलं तसं मीच लिहून टाकलं, चाचा. पण बिनतिकिटाचं कसं धाडायचं? बरं दिसतं का ते?" हा उलगडा झाल्यावर तिकिटापुरता मी निर्धास्त झालो. आप्पा झाले नाहीत.

बशीरभाईंनी डाव्या हाताने उशीखालून एक डबी काढली आणि त्यातलं ते तपकिरी तिकीट आप्पांच्या हातावर ठेवलं. "आप्पा, तुजंच खरं," ते अडखळत म्हणाले. "दात खोटंच हायेत. मिटवून टाकू आता."

या एका वाक्यासाठी या माणसाने पोस्टाची किती भर केली होती, ते मी पाहिलेलं होतं. आप्पा खिडकीशी गेले. भिंग लावलं, पट्टी लावली, बराच वेळ मोजत राहिले. मग कपाळाला आठ्या घालून वळले.

"दात अस्सल हायेत. माजंच चुकलं," ते म्हणाले. "पर अक्षर नकली हाय."

बशीरभाईंचा अर्धा चेहरा हलत नव्हता, तरी उरलेल्या अर्ध्यावर राग स्पष्ट दिसला. "तुला रं काय कळतंय अक्षरातलं?"

"कळत न्हाई, तर लिवून पटव. तुज्या सोताच्या हातानं. डावा हाय की धड." आणि सुनेकडे वळून म्हणाले, "पोरी, आता तिकीट लावू नगंस."

आम्ही निघालो तेव्हा बशीरभाई सुनेकडे पेन मागत होते.

येताना रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या होत्या. आप्पा एकीचंही वजन बोलले नाहीत. पेठ नाक्याला मी विचारलं, "दात खरंच अस्सल आहेत?"

"नकलीच हायेत. डोळं फुटल्यात का माजं?" मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मिटवाय निगाला हुता गडी. आमची ही गेल्यापास्नं घरात कुनी न्हाई, सर. मिटवून मी भांडू कुनासंगं?" कवळी नसल्याने त्यांचे ओठ आत गेले होते. मला वाईट वाटलं, खूप वाटलं.

त्यानंतर पुष्कळ दिवस पाकीट आलं नाही. आप्पा सकाळपासून मुठीत चिल्लर धरून फाटकात उभे असत. मी कामावर जाताना त्यांच्याकडे बघायचं टाळू लागलो.

एका शनिवारी ते आलं. बिनतिकिटाचं. पोस्टमन नेहमीच्या तमाशाच्या तयारीने उभा राहिला, तर आप्पांनी न बोलता चिल्लर त्याच्या हातावर ठेवली. पाकिटावरचा पत्ता डाव्या हाताने लिहिलेला होता. अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडली होती आणि सांगली तर पार कडेला जाऊन टेकली होती.

"आप्पा," मी म्हटलं, "पाचट लय आहे."

आप्पांनी अंगठ्याने तो पत्ता हळूच पुसल्यासारखा केला. "न्हाई, सर," ते म्हणाले, "ह्यातलं काय बी वजा करू नगा."