चूक गरम असतानाच

बोरकर काकांच्या वर्कशॉपमध्ये समोसा हवा असेल, तर आधी चूक करावी लागते. नुसती करून भागत नाही, सगळ्यांसमोर सांगावी लागते.

छताला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगला आहे. ज्याच्या हातून चूक झाली, त्याने तो हातोडीने वाजवायचा. मशिनं थांबतात, सगळे जमतात. तो चूक सांगतो, ती कशी सुधारायची ते मिळून ठरतं आणि काका त्याला समोसा देतात. "चूक अन् समोसा, थंड झाल्यावर दोन्ही कामाचे नाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

एकदा शेजारच्या लग्नात आचारी म्हणाला, वरणात मीठ जास्त पडलं. काका भरल्या पानावरून उठले आणि समोसा आणायला स्कूटर काढू लागले.

माझे बाबा या वर्कशॉपात वेल्डर आहेत. तिथे कारखान्यांसाठी लोखंडी जिने आणि कठडे बनतात. काका आमच्याच स्मृतिनगरात एकटे राहतात. मी घरातली पहिलीच कॉलेजात जाणारी. आम्हाला 'कंपनीची मूल्ये' असा धडा आहे. पुस्तकातल्या चित्रात ती भिंतीवर फ्रेम करून लावली आहेत. काकांना दाखवलं तर म्हणाले, "फ्रेमवर धूळ बसते, बेटा. रोज पुसन कोन?"

मागच्या महिन्यात एका मोठ्या गिऱ्हाइकाची पहिली ऑर्डर होती. कठडे रंगवून ट्रकमध्ये चढले होते. मी बाबांचा डबा घेऊन पोचले, तर बाबाच हातोडी घेऊन रुळाखाली उभे. एका कठड्याला त्यांनी चुकीच्या रॉडने वेल्डिंग केलं होतं, जोड कच्चा राहिला होता. रंगाखाली ते कुणालाच दिसलं नसतं. पण तो कठडा धरून माणसं चढणार होती.

काकांनी ट्रक थांबवला आणि गिऱ्हाइकाला फोन करून खरं कारण सांगितलं. पलीकडचं ओरडणं आम्हाला इथे ऐकू येत होतं. शेवटी आवाज उतरला. "ठीक है, कल भेजो. दूसरे तो बताते भी नहीं." पुढचं कामही त्याने यांनाच दिलं, पण ते नंतर.

बाबा समोसा खात म्हणाले, "भाऊ, दुसऱ्या मालकापाशी असतो तं लपवलं असतं. तुमाले सांगाले भेव नाई वाटलं."

काका उठले आणि त्यांनी स्वतःच रूळ वाजवला.

"माझी हाय," ते म्हणाले. "माझ्या पोराले माझं भेव वाटे. नापास झाला तं मले सांगितलंच नाई. मले समजलं तवा लई बोललो त्याले. गेला पुण्याले. त्यानं फोन केला नाई, मी बी नाई."

आता त्यांना समोसा कोण देणार? समोसा द्यायचे ते काकाच. बाबांनी आपल्या प्लेटमधला दुसरा समोसा त्यांच्यापुढे सरकवला.

"आमाले कावून सांगून राहिले, भाऊ? त्याले सांगा ना."

"थंड झाली रे आता ते चूक."

"समोसा परत गरम होते," बाबा म्हणाले.

काकांनी फोन काढला. नंबर शोधावा लागला नाही, पाठच होता. सगळे पाठ फिरवून आपापल्या जागी कामाला लागल्यासारखे उभे राहिले. मशीन मात्र कुणीच चालू केलं नाही.