एक खाच वर

धाकट्यांच्या बॉयलरला स्टँड आला ही बातमी थोरल्यांना त्यांच्या बायकोकडून कळली, आणि तीही जेवताना. थोरली म्हणाली, "भावजींनी बॉयलरला स्टँड करून घेतला. वरखाली होतो म्हणे."

"काय वरखाली होतो?"

"बॉयलर. पाहिजे तेवढा वर, पाहिजे तेवढा खाली."

"आपला होत नाही?"

"आपला भिंतीवर आहे."

थोरल्यांनी घास तसाच हातात धरला. खरे म्हणजे त्यांचा बॉयलर भिंतीवर आहे यात काही कमीपणा नव्हता. जाड तांब्याचा, उघड्या अंगाचा तो बॉयलर वर्षानुवर्षे दोन दणकट लोखंडी हातांवर बसून मुकाट्याने पाणी तापवीत होता. वरच्या मजल्यावर धाकट्यांच्या न्हाणीघराची भिंत मात्र ओल धरून पोकळ झाली होती. तिथले हूक सुटले, बॉयलर एका कानावर लोंबू लागला, म्हणून बिचाऱ्यांनी कोपऱ्यावरच्या वेल्डरकडून स्टँड करून घेतला. पडलेल्या माणसाने काठी घेतली इतकीच ती गोष्ट. पण थोरल्यांच्या कानांवर त्यातले फक्त 'वर' एवढेच पडले.

थोरले वजनमापे निरीक्षक होते. दिवसभर बाजारात हिंडून ते दुकानदारांचे तराजू तपासत, वजने उलटी करून त्यांच्या बुडाला शिसे आहे का बघत. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही, हे त्यांचे ब्रीद होते. ते कार्यालयात फार चांगले चाले. धाकट्यांचे चपलांचे दुकान होते. माणसाचा चेहरा त्यांच्या लक्षात राहत नसे, पाय राहत. दोघे भाऊ एकाच घरात खाली-वर राहत आणि दोघांचे उत्तम चालले होते. म्हणजे धाकट्यांचे तरी.

दुसऱ्या दिवशी कार्यालयातून परतताना थोरले सहज म्हणून वेल्डरच्या दुकानापाशी थांबले.

"माझ्या भावासाठी काहीतरी केलंस म्हणे."

"केला ना साहेब. नळीत नळी आहे. आतल्या नळीला खाचा. दांडा फिरवला की खट्, एक खाच सरकली. भरलेला बॉयलर बायकामाणसांनाही हलवता येतो."

"खाचा किती?"

"दहा."

"मला बारा पाहिजेत."

वेल्डरने चष्मा कपाळावर सरकवला. "तुमचीपण भिंत गेली का?"

"भिंतीचं काय सांगावं. आज आहे, उद्या नाही," थोरले म्हणाले.

अशा रीतीने धडधाकट भिंतीवरून धडधाकट बॉयलर उतरवण्यात आला. भिंतीतले लोखंडी हात निघता निघेनात. शेवटी प्लंबरने छिन्नी लावली, तेव्हा भिंतीचा वीतभर गिलावा त्यांच्याबरोबर आला. थोरले बायकोला म्हणाले, "बघ, मी म्हटलं नव्हतं? भिंतीत दम नव्हता." बॉयलर स्टँडवर बसला, जुन्या नळाऐवजी लवचीक नळी आली, आणि बारा खाचांच्या त्या स्टँडकडे थोरले बराच वेळ मागे हात बांधून बघत राहिले.

एवढ्यावर गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण त्या घराचा मधला स्लॅब फार पातळ होता. वरच्याने शिंक दिली की खालचा रुमाल शोधी. सकाळी थोरले दाढी करत असताना डोक्यावरून आवाज आला: खट्. थोड्या वेळाने पुन्हा: खट्, खट्.

थोरल्यांचा वस्तरा गालावर थांबला. "ऐकलंस?"

"काय?"

"त्याने वाढवला. तीन खाचा."

"वाढवू द्या. आपल्याकडे बारा आहेत ना?"

थोरल्यांनी तोंडाचा फेस न पुसताच दांडा हातात घेतला आणि चार खाचा वर घेतल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा वर खट् झाले, पुन्हा खालून उत्तर गेले. लवकरच त्या घरात उंची फुटात किंवा सेंटिमीटरमध्ये न मोजता खाचेत मोजली जाऊ लागली. हे माप सरकारमान्य नव्हते. एखाद्या दुकानदाराने कापड खाचेवर विकले असते तर थोरल्यांनी त्याला दंड केला असता.

थोरली जिन्यात कपडे वाळत घालताना धाकटीला चाचपून बघे. "काय गं, काल पुन्हा हलवला वाटतं?"

"हो ना जाऊबाई," धाकटी म्हणे. "रोजचंच झालंय. पण काय सोयीचं पडतं म्हणून सांगू!"

थोरली खाली येऊन सांगे, "रोजचंच झालंय म्हणते. तोंडावर सांगते, बघा. चोरून नाही काही."

"मग वर जाऊन बघून ये एकदा कितीवर आहे ते."

"मी का जाऊ? आपण थोरले आहोत. आपण बघायला गेलो की त्यांना वाटणार आपल्याला बघायचं आहे."

हा मुद्दा थोरल्यांना बिनतोड वाटला. थोरल्याने धाकट्याकडे बघायला जायचे नाही, धाकट्याने थोरल्याला दाखवायला यायचे. आणि धाकटे काही दाखवायला येत नव्हते. यात त्यांचा माज दिसत होता.

बारा खाचा संपल्या. थोरल्यांनी वेल्डरला बोलावून पायांना जोड दिला. वेल्डर बिचारा जोड देताना म्हणाला, "साहेब, बॉयलरला वर काही काम आहे का?"

"तू जोड दे."

"देतो ना. माझं काय जातंय? पण अंघोळ खाली करणार ना?"

प्रश्न आगाऊ होता, पण गैर नव्हता. बॉयलर आता थोरल्यांच्या छातीच्या वर गेला होता. नळाची धार इतक्या उंचीवरून बादलीत पडे की निम्मे पाणी बादलीत आणि निम्मे भिंतीवर जाई. मग नळाला रबरी नळी लावली. बटणापर्यंत हात पोचेना म्हणून स्टूल आले. पाणी किती तापले ते दाखवणारा काटा स्टुलावरूनही दिसेना, म्हणून काठीला आरसा बांधला. पूर्वी थोरली ओला टॉवेल बॉयलरवर टाकी आणि तो पापडासारखा वाळे. आता टॉवेल ओलाच राही, कारण सगळी ऊब वर.

पुढच्या जोडानंतर बॉयलर डोक्याच्याही वर गेला आणि स्टँडच्या चार पायांच्या मध्ये बसून अंघोळ करायची वेळ आली. थोरली म्हणाली, "हत्तीच्या पोटाखाली बसल्यासारखं वाटतं हो. परवा तो हलला."

"हलला नाही. तुला भास झाला."

"मग तुम्ही काल साबण न लावता बाहेर का आलात?"

थोरल्यांनी स्टँडला एक दोरी बांधून ती खिडकीच्या गजाला आवळली. तेव्हापासून घरातली अंघोळ फार झटपट उरकू लागली. अंगावर पाणी कमी आणि नजर वर जास्त, असा सगळा प्रकार होता.

पण वरचे खट् काही थांबेना. थोरल्यांनी मनात बेरीज चालू ठेवली होती आणि ती बेरीज त्यांची झोप उडवीत होती. कार्यालयात एका वाण्याने किलोमागे थोडे मारले म्हणून ते त्याच्यावर ओरडले आणि ओरडता ओरडता म्हणाले, "एकदा सांगून टाक, किती वाढवलायस तू?" वाणी म्हणाला, "कमी केलंय साहेब, वाढवलं कुठे?"

अखेर एके सकाळी थोरल्यांनी दांडा फिरवला आणि तो फिरेना. वर बघितले. बॉयलरचे डोके छताला टेकले होते. त्यांनी अजून थोडा जोर लावून बघितला. बॉयलर स्लॅबला घट्ट चिकटून बसला, जणू घर त्यानेच पेलून धरले आहे. थोरल्यांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी समाधान पसरले. छताच्या वर काही नसते.

तेवढ्यात वरून आवाज आला: खट्.

थोरले स्टुलावर उभेच राहिले. दोन्ही मजल्यांची छते सारख्याच उंचीची होती. बांधताना ती त्यांनी स्वतः मोजली होती. मग धाकट्याचा बॉयलर गेला कुठे? गच्ची फोडून बाहेर आला की काय? खरे सांगायचे तर थोरले अंगणात जाऊन, मान वर करून, गच्चीकडे बघूनही आले.

मग मात्र त्यांना राहवेना. त्यांनी सदरा चढवला.

"कुठे निघालात?" थोरलीने विचारले.

"बघून येतो."

"अहो, आपण थोरले—"

"थोरलाच चाललोय."

वर न्हाणीघराचे दार उघडे होते. दारातच खुर्ची टाकून धाकटे पेपर वाचत बसले होते. चपला बाजूला काढलेल्या, अनवाणी पाय न्हाणीघराच्या फरशीवर पसरलेले. त्यांच्या पलीकडे बॉयलर होता. गुडघ्याएवढा.

"ये दादा. किती दिवसांनी वर आलास."

थोरल्यांनी खाली वाकून बघितले. "हा... एवढाच?"

"कोण? बॉयलर? हिची अंघोळ झाली ना आत्ता. ही पाटावर बसून घेते, म्हणून खाली करते. मी उभ्याने घेतो, मला कमरेएवढा लागतो. मग मी वर करतो, उद्या ती खाली करते. खट् खट् चालूच असतं बघ आमचं. तुम्हांला त्रास होतो का रे आवाजाचा?"

"छे," थोरले म्हणाले. जन्मभर वजने उलटी करून बघणाऱ्या या माणसाला खाच खाली येतानाही खट् वाजते, हे सुचले नव्हते.

"चपला काढ की," धाकटे म्हणाले. "पाय टेकव जरा इथे."

थोरल्यांनी पाय टेकवले. फरशी कोमट होती. मधोमध तर चांगलीच उबदार.

"कशी वाटते?" धाकटे कौतुकाने म्हणाले. "आधी बर्फ असायची. गेले काही दिवस रोज थोडी थोडी ऊब वाढतेय. आणि आज तर बघ, कमाल आहे. दादा, चपलांच्या धंद्यात मी हजारो पाय बघितले, पण इतकं सुख कुठल्या पायाला मिळालं नसेल. कशामुळे होतं ते काही कळत नाही."

"जमिनीचा गुण असेल," थोरले म्हणाले, आणि आपल्याच विजेवर तळपाय शेकत उभे राहिले. पाय काही निघायला तयार नव्हते. शेवटी धाकटीने चहा आणला तेव्हा ते भानावर आले.

खाली थोरली दारातच उभी होती. "किती आहे?"

"आपल्यापेक्षा खाली."

"खरंच? म्हणजे आपला वर?"

"खूपच वर." थोरल्यांनी सरळ न्हाणीघर गाठले आणि दांड्याला हात घातला.

"काय करताय?"

"खाली घेतो. झालं आता."

थोरलीने दांडा धरला. "शुद्धीवर आहात ना? इतके दिवस जीव मुठीत धरून अंघोळ केली ती कशासाठी? आता खट् वाजलं की तिला ऐकू जाणार. म्हणणार, उतरले. राहू दे तिथेच."

बॉयलर तिथेच राहिला. दोन दिवसांनी थोरली विजयी मुद्रेने वाटीभर साखर परत करायला वर गेली. साखर द्यायला इतका वेळ लागत नाही. ती परतली तेव्हा तिचे पाय गुलाबी झाले होते आणि चेहरा काळवंडला होता.

"बघितलंत तुम्ही त्यांची फरशी?"

"बघितली."

"आणि मला बोलला नाहीत? गरम फरशी करून घेतली त्यांनी, आणि साळसूदपणे म्हणतात कसे, आपोआप झाली. आपोआप काय होतं हो या जगात? आपण उंचीच्या नादात राहिलो आणि भावजींनी खालून डाव साधला. आपल्यालापण तशीच पाहिजे. त्यांच्यापेक्षा जास्त गरम."

"तशी आपली होणार नाही."

"का नाही होणार?"

"आपल्या खाली कोणी राहत नाही," थोरले म्हणाले.

"सबबी सांगू नका," ती म्हणाली. "जाताना वेल्डरला निरोप द्या."