कारणाचा रकाना

गोपीनाथराव मुळ्यांची स्कूटर विकायची की नाही, यावर गुरुवारी सकाळी घरात मतदान झालं आणि दोन विरुद्ध दोन अशी बरोबरी झाली. मुलगा वेदांत आणि सून ऋजुता विकण्याच्या बाजूने होते. गोपीनाथराव अर्थातच विरोधात होते आणि त्यांच्या पत्नी शोभनाताई चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या बाजूने होत्या.

"बाबा, बुरा नका मानू, पण तुम्ही फार स्लो चालवता," वेदांत म्हणाला. त्याचा जन्म इंदूरचा, त्यामुळे त्याच्या मराठीत हिंदी घरच्यासारखी वावरत असे आणि भैयाचा इंदुरी "भिया" होत असे. "परवा पुलावर पूर्ण ट्रॅफिक तुमच्या मागे लागून होता. मला तिथून दोस्ताचा फोन आला, भिया, पप्पांना साइडला घे."

"केळ्यांच्या ठेल्याने तुम्हाला ओव्हरटेक केलं, बाबा," ऋजुता म्हणाली. ती नाशिकची, नोकरीसाठी इंदूरला आलेली आणि लग्न करून राहिलेली. ती पुराव्याशिवाय बोलत नसे. "मी मागूनच येत होते. ठेलेवाला घाईत पण नव्हता."

"अरे, हळू चालवतात म्हणून तर मी मागे बसते," शोभनाताई म्हणाल्या. "माझं मत गाडी ठेवण्याला."

"ठीक आहे. रविवारी माझ्या ओळखीचा संजीव भिया गाडी बघायला येतो आहे. तोपर्यंत सगळे सोचून घ्या," वेदांतने सभा संपवली.

गोपीनाथरावांनी मनात हिशेब मांडला. स्कूटर गेली की सकाळचे पोहे, पेन्शनरांची बैठक, बँक, सगळीकडे मुलाला "जरा सोडतोस का रे" म्हणत जायचं. अडुसष्टाव्या वर्षी मोटारीच्या मागच्या सीटवर भाजीच्या पिशवीशेजारी बसायचं. ज्या माणसापुढे छत्तीस वर्षं लोक रांगेत उभे राहिले, त्याला हे सोसणारं नव्हतं.

गोपीनाथराव एका सरकारी खात्यात हेड क्लार्क होते. त्यांचं तिथलं सगळं आयुष्य "लेखी आणा" या दोन शब्दांत गेलं. त्यातही अर्जातला कारणाचा रकाना हा त्यांचा खास जिव्हाळ्याचा विषय. लग्नासाठी रजा मागणाऱ्या एकाने कारण म्हणून नुसतं "घरगुती" लिहिलं, तेव्हा त्यांनी अर्ज परत केला होता. त्या गृहस्थांचं लग्न पुढच्या मुहूर्तावर झालं. गोपीनाथराव ही गोष्ट अजूनही अभिमानाने सांगत.

त्याच गुरुवारी दुपारी ते पेन्शनरांच्या बैठकीला गेले. तिथे दोन ग्लास मठ्ठा, एक ग्लास उसाचा रस आणि आभारप्रदर्शन चालू असताना चहा, एवढं त्यांच्या पोटात गेलं. परतताना निम्म्या वाटेवर निकड जाणवू लागली. दुसऱ्या एखाद्या शहरात माणसाने भिंत पाहिली असती. पण इंदूर स्वच्छतेत पहिलं. इथे भिंतींवर चित्रं आहेत आणि चित्रांवर कॅमेरे आहेत. सार्वजनिक सोयीही चकाचक आहेत, पण गोपीनाथरावांना परक्या ठिकाणी होत नाही. म्हणून त्यांनी आयुष्यात कधी पिळली नव्हती इतकी मूठ पिळली आणि पुलाच्या उतारावरून स्कूटर सोडली.

उताराखाली वाहतूक सप्ताह चालू होता. मंडप होता, फलक होते आणि हातात वेग मोजायचं यंत्र घेतलेल्या वाहतूक पोलिसांच्या सूबेदार, म्हणजे फौजदाराच्या दर्जाच्या, नीरजा तोमर होत्या. वय असेल अठ्ठावीस. त्यांनी हात केला.

"अंकल, इकसठ," त्या यंत्राकडे बघून म्हणाल्या. "यहाँ चालीस की लिमिट है. किस बात की जल्दी है?"

गोपीनाथरावांनी इकडेतिकडे पाहिलं. मुलीच्या वयाच्या बाईला हे सांगायचं कसं? शेवटी त्यांनी उजव्या हाताची करंगळी वर केली. चौथीनंतर त्यांनी ती कोणापुढे वर केली नव्हती.

सूबेदारबाईंनी हसू गिळलं. "जाइए अंकल. आगे से ध्यान रखिए. समझाइश देकर छोड़ रही हूँ."

दंड नाही, पावती नाही, नुसती तोंडी समज. गोपीनाथराव घरी पोचले, सर्वांत आधी जिथे जायचं तिथे गेले आणि बाहेर आले ते वेगळाच माणूस होऊन. रात्रीच्या जेवणाची त्यांना वाट बघवेना. चहाच्या वेळीच त्यांनी जाहीर केलं, "आज मला पोलिसांनी अडवलं. ओव्हरस्पीड. एकसष्ट."

ऋजुताला चहाचा ठसका लागला.

"बाबा, ती गाडी उतारावरून ढकलली तरी एकसष्ट जाणार नाही," वेदांत म्हणाला. "चालान कुठे आहे?"

"चालान नाही केलं. समज देऊन सोडलं."

"मग काही लेखी?"

गोपीनाथरावांनी कप खाली ठेवला. छत्तीस वर्षं त्यांनी लोकांना विचारलेला प्रश्न आज त्यांच्याच टेबलावर, त्यांच्याच कपाशेजारी येऊन पडला होता. रात्री त्यांना नीट झोप लागली नाही. आयुष्यातला एकमेव पराक्रम, आणि तो रेकॉर्डवर नाही.

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता ते मंडपात हजर झाले. "मॅडम, कल मुझे आपने पकड़ा था. मला लेखी पाहिजे. मतलब, लिखित में."

"क्या लिखित में?"

"कि मैं तेज़ चला रहा था."

सूबेदारबाईंनी नोकरीच्या सहा वर्षांत मंत्र्यांचे भाचे पाहिले होते, भाच्यांचे मित्र पाहिले होते, "मला ओळखलं नाहीत का" विचारणारे तर रोजच पाहत होत्या. गुन्हा कबूल करून तो लिहून मागणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. "अंकल, कल की बात कल गई. घर जाइए."

"मग आज चालान करा. मी पुन्हा येतो."

आणि ते खरोखर पुलावर परत गेले. पहिल्या फेरीला यंत्राने एकोणतीस दाखवलं. दुसऱ्या फेरीला एकतीस, आणि तेही वारा मागून होता म्हणून. मूठ पूर्ण पिळायला हात धजेना. मग कालची परिस्थिती पुन्हा निर्माण करावी म्हणून त्यांनी कोपऱ्यावर दोन ग्लास उसाचा रस घेतला आणि मंडपाशेजारी निकडीची वाट बघत बसले. अर्ध्या तासाने तिसरी फेरी झाली. चौतीस. मागच्या रिक्षावाल्याने मान बाहेर काढून सांगितलं, "दादा, चलना है तो चलो, नहीं तो ठेला लगा लो."

"ठेला" हा शब्द ऐकून गोपीनाथरावांचा चेहरा असा उतरला की सूबेदारबाईंना राहवेना. त्यांनी गोपीनाथरावांना मंडपात बसवलं, पाणी पुढे केलं आणि ते पाणी गोपीनाथरावांनी ज्या घाईने नाकारलं ते पाहून आज पुन्हा करंगळीची तयारी चालली आहे हे ओळखलं. "घर में कोई बात है क्या, अंकल?"

गोपीनाथरावांनी सगळं सांगितलं. मतदान, ठेला, रविवार. सूबेदारबाईंनी यंत्रातली कालची नोंद काढली. गाडीचा नंबर होता, वेग होता. सप्ताहासाठी छापलेलं एक समझाइश पत्र त्यांनी पुढ्यात ओढलं, नाव भरलं, नंबर भरला, वेग इकसठ लिहिला, सही केली आणि शिक्का मारला.

"लीजिए."

कागद हातात आला आणि गोपीनाथरावांच्या अंगात छत्तीस वर्षांची नोकरी जागी झाली. त्यांनी चष्मा चढवला, वरून खाली बोट फिरवलं. बोट शेवटच्या ओळीवर थांबलं.

"मॅडम, कारण का कॉलम खाली है."

"रहने दीजिए अंकल. मैंने जानबूझकर छोड़ा है."

"ऐसे नहीं चलता. कॉलम खाली म्हणजे कागद अपूर्ण. मी स्वतः असे शेकडो परत केले आहेत."

"अंकल, सोच लीजिए."

"नियम म्हणजे नियम."

सूबेदारबाईंनी सुस्कारा सोडला आणि सुंदर अक्षरात रकाना भरला. गोपीनाथरावांनी तो वाचला, कागद पूर्ण झाल्याचं समाधान त्यांना मिळालं, आणि मग आपण काय करून बसलो ते कळलं. पण शिक्क्याच्या कागदावर खाडाखोड करणाऱ्यांपैकी ते नव्हते. त्यांनी शेवटची ओळ आत जाईल अशी घडी घातली आणि घर गाठलं.

रविवारी सकाळी सगळे जमल्यावर त्यांनी घडी घातलेला कागद टेबलावर ठेवला. वेदांतने वाचला, ऋजुताने शिक्का उजेडात धरून पाहिला.

"खरंच एकसष्ट आहे," ती म्हणाली. "सॉरी, बाबा. माझं मत मी मागे घेते."

"मान गए, बाबा," वेदांत म्हणाला. "मी संजीव भियाला 'नको येऊ' सांगून देतो."

गोपीनाथरावांची छाती दोन इंच फुगली. ती कशीबशी पाच सेकंद फुगलेली राहिली.

"एकसष्ट?" शोभनाताई म्हणाल्या. त्यांनी कागद अजून हातातही घेतला नव्हता. "या वयात? मी ज्या गाडीवर मागे बसते, त्या गाडीवर?"

"अगं, तू नव्हतीस तेव्हा."

"म्हणजे मी नसले की असे उधळता. वेदांत, फोन नको करू. गाडी आजच्या आज विकायची. मला विधवा व्हायचं नाही."

शोभनाताईंच्या बाबतीत मतदान वगैरे नावापुरतंच असतं. तेवढ्यात संजीव आला. त्याची मुलगी शहराबाहेर, चढाच्या वाटेवरच्या सिमरोलला नोकरीला लागली होती आणि तिला रोज जायला-यायला गाडी हवी होती. त्याने स्कूटरभोवती दोन चकरा मारल्या, हॉर्न वाजवला, तोंड वाकडं केलं. "भिया, चौदा साल पुरानी आहे. चढाव पे दम तोडेल. मला नाही जमणार."

गोपीनाथरावांच्या जिवात जीव आला. नेमकं तेव्हाच शोभनाताईंनी तो कागद संजीवच्या हातात दिला. "हे बघा. नोंद तीन दिवसांपूर्वीची आहे. सरकारी."

संजीवने घडी उलगडली. पूर्ण उलगडली. आणि मोठ्याने वाचू लागला, कारण इंदूरची माणसं मनात वाचत नाहीत. "वाहन क्रमांक बराबर. गति इकसठ. अरे वा. कारण: लघुशंका की तीव्रता. चालक को समझाइश देकर छोड़ा गया."

अंगणातून ऋजुता घाईघाईने आत निघून गेली आणि आतून तिचा ठसका ऐकू आला. गोपीनाथराव तुळशीकडे बघत उभे राहिले.

"कारण कुछ भी हो, भिया," संजीव म्हणाला, "एकसष्टचं सरकारी सर्टिफिकेट कोणत्या जुन्या गाडीला मिळतं? डन. पण हा कागद मला पाहिजे हां, ओरिजिनल."

गाडी जात होती आणि ती आपण स्वतः मिळवलेल्या कागदावर जात होती. गोपीनाथरावांचे डोळे भरून आले. पण छत्तीस वर्षांच्या सवयीने मान ताठ ठेवली.

"ओरिजिनल मिळणार नाही," ते म्हणाले. "सत्यप्रत मिळेल. त्यासाठी लेखी अर्ज करावा लागेल."

त्यांनी आतून कोरा कागद आणि पेन आणून संजीवपुढे ठेवलं. संजीवने पायरीवर बसून चार ओळी खरडल्या, सही केली आणि अर्ज परत दिला. गोपीनाथरावांनी चष्मा चढवला. वरून खाली बोट फिरवलं. मग अर्ज तसाच संजीवच्या हातात परत ठेवला.

"कारण लिहिलं नाहीत."