उत्तर संध्याकाळी

पंख्याशिवाय गार राहणारं घर बांधून दाखवतो, अशी घोषणा करून झाली तेव्हा आपल्या नव्या आर्किटेक्टने अजून कोंबड्यांचं खुराडंही बांधलेलं नव्हतं! तरी मामेसासऱ्यांनी आपलं घर त्याच्यावर सोपवलं. भाचीच्या नवऱ्याला नाही कसं म्हणणार? त्यांच्या सोसायटीतल्या बारा सभासदांनीही सांगून टाकलं, "हे घर गार निघालं, तर आमचीही तुम्हीच बांधा." झालं! स्वारी जमिनीवर पाय ठेवीना.

नकाशा देखणा होता. मोठ्या खिडक्या उत्तरेला, म्हणजे उजेड येणार पण ऊन नाही. फक्त उत्तर दाखवणारा बाण जिथे हवा, तिथे त्याने स्वतःचं नाव छापलं होतं, पदवीसकट.

गवंड्याचा फोन आला तेव्हा तो त्याच बारा जणांपुढे ऊर्जाबचतीवर बोलत होता.

"साहेब, मोठ्या खिडक्यांना बाजू कुठली धरू? उत्तर?"

साहेबांच्या कानात शेवटचा शब्द तेवढा शिरला.

"उत्तर संध्याकाळी!" असं खेकसून त्यांनी फोन ठेवला. संध्याकाळी अर्थातच विसरले. पुढे साइटवर जायलाही सवड मिळाली नाही; व्हिजिटिंग कार्डाचा रंग ठरायचा होता ना!

घर पूर्ण झालं. सगळे पाहायला जमले ते नेमके दुपारी चारला. त्या भल्यामोठ्या खिडक्यांतून सूर्य थेट दिवाणखान्यात येऊन बसला होता. पाच मिनिटांत मामेसासऱ्यांचा शर्ट पाठीला चिकटला. सभासद नकाशाच्या प्रतींनी वारा घेऊ लागले. नकाशाचा तेवढा तरी उपयोग झाला.

"ऊर्जा वाचते खरी," मामेसासरे म्हणाले. "इथे बसलं की हात हलवायचीही ताकद राहत नाही, जावईबापू!"

जावईबापूंना रडू यायचंच बाकी होतं. ते गवंड्यावर उखडले, "पश्चिमेला खिडक्या? कुणी सांगितलं तुला?"

"तुम्हीच! मी विचारलं उत्तर, तुम्ही ओरडलात संध्याकाळी. म्हटलं, मावळतीची बाजू हवी असेल. शिकलेल्या माणसाशी वाद कोण घालणार?"

मामेसासऱ्यांनी भिंतीवर थाप मारून पाहिली. भिंत भक्कम, कोपरे काटकोनात. बारा जणांची थोडी कुजबुज झाली आणि बाराच्या बारा घरं त्यांनी तिथल्या तिथे देऊन टाकली. गवंड्याला!

तो बिचारा भला माणूस. आर्किटेक्टला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "साहेब, तोंड पाडू नका. नकाशे तुम्हीच काढा. दिशा तेवढ्या मी बघतो."